स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर चाळीस वर्षांनी: पुढे झुकणारी पाठ, ठणकणारी कंबर आणि पुढचा निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वयाच्या तेराव्या वर्षी, १९८०च्या दशकात, स्कोलिओसिससाठी, म्हणजे कणा बाजूला वाकत जाण्याच्या विकारासाठी, शस्त्रक्रिया झाली. पाठीत एकच सळई बसवली आणि नंतर बरेच महिने प्लास्टर होतं. पुढची तीसेक वर्षं नोकरी, संसार, बाळंतपण सगळं नीट पार पडलं. आता चोपन्नावं वर्ष चालू आहे. गेली काही वर्षं चालताना आपोआप पुढे झुकायला होतं, मांड्या भरून येतात, संध्याकाळी ओट्याला टेकल्याशिवाय उभं राहवत नाही आणि कंबरेच्या अगदी खालच्या भागात ठणका असतो. एका डॉक्टरांनी सांगितलं, "एक्स-रे ठीक आहे, सळई जागेवर आहे, वयोमानाने होतं." दुसऱ्यांनी थेट मोठी शस्त्रक्रिया सुचवली. तुम्ही विचारता: हे खरंच काही आहे की मनाचं? ऑपरेशन करावंच लागेल का? तोवर दिवस कसे काढायचे? आणि अकरा वर्षांच्या भाचीला तपासून घ्यावं का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हे मनाचं नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं इतकी नेमकी आहेत की तपासायच्या आधीच दोन गोष्टींचा दाट संशय येतो. पहिली म्हणजे कंबरेचा नैसर्गिक आतला बाक सळईमुळे सपाट झालेला असणार, ज्याला फ्लॅटबॅक म्हणतात. दुसरी म्हणजे सळईच्या खाली मोकळे राहिलेले दोन-तीन सांधे झिजलेले असणार. यातलं काहीही एका रात्रीत बिघडणारं नसतं आणि दोन्हींवर करण्यासारखं बरंच आहे. मी पुनर्वसन वैद्यकात काम करते. लहानपणी कण्याची शस्त्रक्रिया झालेली आणि आता पन्नाशी-साठीत आलेली माणसं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट अगदी मनापासून सांगते: शस्त्रक्रियेत मणके एकमेकांना जुळवून जो भाग जोडला गेला, तो नीट जुळलेला असेल तर आता एकसंध हाड आहे, त्याची चिंता कमी करा. तुमचं पुढचं आयुष्य न जोडलेल्या सांध्यांवर चालणार आहे. मान, कंबरेचे खालचे मणके, खुबे आणि गुडघे जपायचे आहेत.

हे का झालं ते समजलं की उपचारांतलं बरंचसं आपोआप कळतं, म्हणून थोडं मागे जाते.

पॉल हॅरिंग्टन हे अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक. पोलिओमुळे कणा वाकलेली मुलं त्यांच्याकडे यायची, श्वास घेता येईना अशी अवस्था असायची. त्यांच्यासाठी त्यांनी स्टीलची सळई तयार केली आणि १९६२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. सळईच्या वरच्या टोकाला एक हुक, खालच्या टोकाला एक हुक. दोन हुकांमधलं अंतर वाढवत नेलं की बाकाची आतली बाजू ताणली जाते आणि कणा सरळ होतो. मग सळईच्या आजूबाजूला रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेले तुकडे पसरायचे, म्हणजे मणके एकमेकांना जुळून येतात. ते जुळेपर्यंत प्लास्टर. दोन-अडीच दशकं जगभर हीच मुख्य शस्त्रक्रिया होती आणि तिने असंख्य मुलांचे बाक थांबवले. तुमच्या सर्जननी त्या काळातलं उत्तमच केलं होतं, हे मनात असू द्या.

अडचण बाजूने पाहिल्यावर दिसते. समोरून कणा सरळ हवा, पण बाजूने तो सरळ असून चालत नाही. छातीपाशी तो मागे गोल असतो आणि कंबरेत आत वळलेला असतो. या आतल्या बाकामुळे डोकं बरोबर कमरेच्या हाडावर येतं आणि स्नायूंना फार श्रम न करता माणूस उभा राहतो. कंबरेच्या एकूण बाकापैकी जवळजवळ दोन तृतीयांश बाक चौथ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत, म्हणजे शेवटच्या दोन सांध्यांत असतो. सरळ सळईने दोन टोकं ताणली की हा बाक सपाट होतो, आणि सळई जितकी खाली गेलेली असेल तितका तो जास्त सपाट होतो. त्यामुळे सळई कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापर्यंत गेलेल्यांना पुढे हा त्रास अधिक होतो. ज्यांची सळई छातीच्या मणक्यांपाशीच थांबली, त्यांतले बरेच जण कधी तक्रार घेऊन येतच नाहीत.

मग तीस वर्षं त्रास का झाला नाही? कारण शरीर भरपाई करत राहतं. वरचं धड पुढे गेलं की तुम्ही नकळत कमरेचं हाड मागे फिरवता. खालचे मोकळे सांधे जमेल तितके मागे वाकतात. तेही पुरेनासं झालं की गुडघे किंचित वाकवून उभं राहायची सवय लागते. गुडघे वाकवून दिवसभर उभं राहायचं म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू सतत आवळलेले. तुमच्या मांड्या भरून येतात त्या यामुळे. तरुणपणी मणक्यांमधल्या गाद्या जाड असतात, स्नायू दमदार असतात, भरपाई निभावते. पन्नाशीत खालच्या दोन गाद्या झिजून बसक्या होतात आणि उरलासुरला बाकही जातो. म्हणून "इतकी वर्षं काही नव्हतं" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक रुग्णाकडून ऐकते.

तपासणीत मी काय बघते ते सांगते, कारण हे घरच्यांनाही बघता येतं. असा रुग्ण खुर्चीतून उठून आत येतो तेव्हा पहिली दोन मिनिटं ताठ असतो. तेवढ्यावर मत दिलं तर फसगत होते. मी त्यांना बाहेर दहा मिनिटं चालून यायला सांगते आणि मग बाजूने बघते. आता गुडघे वाकलेले असतात, नितंब सपाट झालेले असतात, हात कुठेतरी टेकायला शोधत असतात. मग सांगते, गुडघे पूर्ण ताठ करा. गुडघे ताठ केले की अख्खं धड पुढे कलतं आणि डोकं पावलांच्या पुढे जातं. त्या एका क्षणी बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा मुलीला कळतं की ही बाई दिवसभर काय तोलून धरत होती. त्यानंतर पाठीवर झोपवून एक गुडघा छातीशी धरायला लावते आणि दुसरी मांडी पलंगाला टेकते का बघते. टेकत नसेल तर खुब्याचे पुढचे स्नायू आखडलेत. झुकण्यातला काही भाग त्यांचाही असतो आणि तेवढा भाग व्यायामाने परत मिळवता येतो.

आता एक्स-रे. "एक्स-रे ठीक आहे" असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी बहुधा झोपवून काढलेला फक्त कंबरेचा एक्स-रे पाहिला असणार. झोपल्यावर तोल हा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे तो एक्स-रे या तक्रारीबद्दल काहीच सांगत नाही. तुम्हाला हवा आहे तो उभ्याने काढलेला, मानेपासून खुब्यांपर्यंत अख्खा कणा दिसेल असा, समोरून आणि बाजूने, गुडघे ताठ ठेवून. बाजूच्या चित्रात तज्ज्ञ मुख्यतः दोन गोष्टी मोजतात. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून लंब रेषा खाली टाकली तर ती माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या मागच्या कडेपासून किती पुढे पडते; साधारण ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर तोल सावरलेला मानतात. दुसरं, तुमच्या कमरेच्या हाडाची जन्मजात ठेवण, जिला पेल्विक इन्सिडन्स म्हणतात. मोठं झाल्यावर हा कोन जवळजवळ बदलत नाही, आणि तुमच्या कंबरेला किती बाक हवा हे तोच ठरवतो. ढोबळ हिशेब असा की कंबरेचा बाक आणि हा कोन यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. कुणाचा कोन ४० अंश असतो, कुणाचा ७०. म्हणून तेवढाच सपाटपणा एका बाईला निभतो आणि दुसरीला उभं राहू देत नाही. हे आकडे रिपोर्टमध्ये नसतील तर ते मोजून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फ्लॅटबॅक म्हणून शिक्का मारण्याआधी इतरही काही शक्यता नीट तपासून बाजूला ठेवाव्या लागतात. हाड एखाद्या ठिकाणी जुळलेलंच नसेल तर तिथे सूक्ष्म हालचाल होत राहते, सतत वाकून वाकून सळई थकते आणि तुटते. तुटलेली सळई दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. हाड पक्कं जुळलेलं असेल तर तुटकी सळई कित्येक जणांत आयुष्यभर गप्प पडून राहते. पण तुटण्याच्या त्याच जागी बोट ठेवून दुखत असेल, बाक पुन्हा वाढत असेल, तर सीटी स्कॅन करून जोड तपासावा. एमआरआय बहुतेक वेळा करता येतो. जुन्या स्टीलमुळे चित्रात सळईभोवती काळी सावली पडते, पण सळईच्या खालच्या ज्या भागाबद्दल आपल्याला शंका आहे तो बऱ्याचदा व्यवस्थित दिसतो. सळई आहे हे आधी सांगायचं मात्र विसरू नका. थोडं चाललं की दोन्ही पायांत गोळे, मुंग्या आणि बसलं किंवा पुढे वाकलं की आराम, असं असेल तर खालच्या सांध्यांपाशी नसांची वाट अरुंद झाली आहे का ते बघावं लागतं. खुब्याच्या सांध्याची झीज आणि कमरेच्या मागच्या सांध्याचं दुखणं हुबेहूब कंबरदुखीसारखं भासतं. माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत जोड गेलेल्यांत हे दुसरं जास्त दिसतं.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते, म्हणून ती वेगळी सांगते. धातूभोवती जंतुसंसर्ग शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. त्वचेवर राहणारे काही मंद जंतू धातूवर थर करून बसतात. ताप नसतो, रक्ताच्या तपासण्या कधीकधी अगदी स्वच्छ येतात. फक्त व्रणापाशी एक मऊ फुगवटा येतो किंवा छोटं भोक पडून अधूनमधून पाझरतं. तिथे नुसतं मलम लावत बसू नये आणि नमुना घेण्याआधी प्रतिजैविकं सुरू करू नयेत. नमुना प्रयोगशाळेत दोन आठवडे ठेवायला सांगावा लागतो, कारण हे जंतू सावकाश वाढतात आणि नेहमीच्या मुदतीत "काही उगवलं नाही" असा अहवाल येतो. हाड जुळलेलं असेल तर धातू काढून टाकणं हाच सहसा खरा उपाय ठरतो. मात्र नुसत्या भीतीपोटी, "आता सळईचं काय काम" म्हणून ती काढू नये. जोड पक्का दिसत असूनही सळई काढल्यावर बाक काही अंशांनी परत वाढल्याची उदाहरणं आहेत.

तुमच्यानंतरच्या पिढीतले वाचकही असतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन सळया आणि अनेक हुक वापरून बाजूचा बाकही जपायला सुरुवात केली, आणि पुढे प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवायची पद्धत रुळली. त्यांच्यात फ्लॅटबॅक खूप कमी दिसतो. त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात: एखादा स्क्रू त्वचेखाली टोचणं, खांदे वरखाली राहणं, जोडाच्या वरच्या टोकाला पाठ गोल होत जाणं. फार लहान वयात फक्त मागून जोड केलेल्या मुलांत पुढची बाजू वाढत राहून कणा पुन्हा पिळवटतो, तोही प्रकार आहे.

दिवस कसे काढायचे, हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. इथे मी सविस्तर लिहिते.

साखळीतल्या पंधरापैकी अकरा कड्या डाग देऊन एक केल्या, तर सगळं वळणं उरलेल्या चार कड्यांवर येतं. तुमच्या कंबरेच्या खालच्या दोन-तीन सांध्यांची तीच गत आहे. म्हणून "पाठ लवचिक करा" असं सांगणारा कुठलाही व्यायाम तुमच्यासाठी चुकीचा आहे. जोडलेला भाग लवचिक होऊच शकत नाही. जोर लावला की तो सगळा खालच्या झिजलेल्या सांध्यांवर पडतो. पुढे वाकून पायाची बोटं धरणं, कंबर पिळणं, पालथं झोपून छाती उंच उचलणं हे प्रकार वर्ज्य. पाठीवर पाय देऊन चोळणं आणि कडकड मणके मोडणं यांपासूनही लांब राहा. मी अशा एका झटक्यानंतर कित्येक महिने पाय बधिर राहिलेले रुग्ण पाहिले आहेत.

लवचिकता हवी ती खुब्यांत. वाकायचं ते खुब्यातून आणि गुडघ्यांतून, पाठ एका रेषेत ठेवून. खुब्याचे पुढचे स्नायू ताणण्यासाठी एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे, आणि कंबर मागे न वाकवता नितंब आवळून कमरेचं हाड पुढे सरकवायचं. मांडीच्या पुढच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवला तर पद्धत चुकते आहे. सोसत असेल तर रोज काही मिनिटं पोटावर सपाट पडून राहा, कपाळाखाली हात घेऊन. नुसतं पडून राहण्यानेही खुबे मोकळे होतात. ताकद वाढवायची ती नितंबांची. पाठीवर झोपून, गुडघे उभे, नितंब आवळत सावकाश उचलायचे, तेही कंबर कमानीसारखी न करता. दर आठवड्याला थोडं वाढवा. दोन-तीन महिन्यांत तुमचा उभं राहण्याचा वेळ वाढला पाहिजे. मी रुग्णांना वेदनेपेक्षा हाच वेळ मोजायला सांगते, कारण वेदना हवामानागणिक आणि झोपेगणिक बदलते, पण "टेकल्याशिवाय किती वेळ उभी राहिले" हे खरं बोलतं.

चालणं सोडू नका, मात्र दोन काठ्या घेऊन चाला. एक काठी धड एका बाजूला ओढते. खांद्याच्या दिशेने उंच धरलेल्या, गिर्यारोहक वापरतात तशा दोन काठ्या धड वर उचलून धरतात आणि त्याच बाईला दुप्पट अंतर जाता येतं. अनेकांना काठ्यांची लाज वाटते. दुकानातली ढकलगाडी धरली की बरं वाटतं हे तुमच्या लक्षात आलं असेलच. काठ्या तेच काम करतात आणि शिवाय पाठ पुढे वाकू देत नाहीत. पोहता येत असेल किंवा छातीइतक्या पाण्यात नुसतं चालता येत असेल तर त्याहून उत्तम काही नाही.

उभ्याने करायची कामं तुकड्यांत वाटा. दमल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा दमण्याआधी घेतलेली विश्रांती कितीतरी जास्त काम देते. वीस मिनिटांनी मांड्या भरतात हे माहीत असेल तर पंधराव्या मिनिटाला पाच मिनिटं आडव्या व्हा, बसू नका. बेसिनपाशी किंवा ओट्यापाशी एक पाय ठेंगण्या स्टुलावर ठेवा, आलटून पालटून. खुर्ची थोडी उंच हवी, खुबे गुडघ्यांच्या वर राहतील अशी, आणि पाठ किंचित मागे कललेली. कंबरेमागे गोल उशी घेऊ नका. तिथलं हाड सपाट आहे, उशी त्याला आकार देऊ शकत नाही, फक्त तुम्हाला पुढे ढकलते. गाडी चालवत असाल तर धड वळत नाही हे गृहीत धरून बाजूचे आरसे मोठे बसवा.

औषधांबद्दल मी जपून बोलते, कारण तुमची मूत्रपिंडं, पोट आणि रक्तदाब मला माहीत नाहीत. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सांध्यांच्या झिजेवर चालतात, पण थोड्या दिवसांच्या आवर्तनात. वर्षानुवर्षं रोज घेणं धोक्याचं आहे. पायात जाणारी जळजळ, मुंग्या यांच्यासाठी गाबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात. ती अचानक बंद करायची नसतात. मांड्या भरून येण्यावर मात्र कुठल्याच गोळीचा फारसा उपयोग नाही, कारण ते स्नायूंचं दमणं आहे. अफूवर्गीय गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मात्रा वाढत जाते आणि उपयोग घटत जातो, असंच मी पाहत आले आहे. पायात उतरणारी कळ असेल तर नसेजवळचं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही काळ आराम देतं. जोडलेल्या हाडामुळे सुईची वाट बदललेली असते, म्हणून ते एक्स-रेच्या पडद्यावर बघूनच घ्यायचं.

पाळी थांबण्याच्या वयात हाडांची घनता तपासून घ्या, आणि तपासताना एक काळजी घ्या. कंबरेवरची मोजणी तुमच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण धातू आणि जोडाचं जाड हाड यांमुळे आकडा खोटा चांगला येतो. खुबा आणि मनगट मोजायला सांगा. धूम्रपान असेल तर सोडाच. निकोटिन गाद्यांची झीज वाढवतं आणि पुढे कधी हाड जुळवायची वेळ आली तर ते जुळू देत नाही. मूळ बाक छातीत आणि खूप मोठा होता अशांनी श्वासाचीही तपासणी करावी. त्या चाचणीत उंचीवरून हिशेब मांडतात. वाकलेल्या कण्याची उंची कमी भरते आणि फुप्फुसं आहेत त्यापेक्षा बरी दिसतात, म्हणून उंचीऐवजी दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांतलं अंतर घ्यायला सांगावं. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि दिवसा गुंगी येत असेल तर हे लवकर करा.

मनाबद्दल. तुम्ही "मनाचं तर नाही ना" असं विचारलंत, त्यावरून कळतं की तुमच्यावर अविश्वास दाखवला गेला आहे. तेराव्या वर्षी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये काढलेल्या मुलीला नंतर सगळ्यांनी सांगितलेलं असतं, "आता तू बरी झालीस." मग चाळीस वर्षांनी दुखायला लागलं की तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटतं. मला हे फार वेळा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती हेही खरं आणि तिचे परिणाम आज त्रास देताहेत हेही खरं. दीर्घ दुखण्यात झोप मोडते, झोप मोडली की दुखणं वाढतं, आणि उदासी आली तर तिच्यावरही उपचार आहेत. ते घेतल्याने तुमचं दुखणं कमी खरं ठरत नाही.

आता मोठ्या शस्त्रक्रियेचं. जोडलेल्या हाडात पाचरीसारखा छेद घेऊन कंबरेला पुन्हा बाक देता येतो. मागच्या सांध्यांपुरता छेद घेतला तर एका पातळीवर साधारण १० अंश मिळतात; मणक्याच्या मुख्य भागातून पाचर काढली तर ३० अंशांच्या आसपास. त्यानंतर बहुतेक वेळा जोड कमरेच्या हाडापर्यंत न्यावा लागतो. ज्यांचा तोल खरोखर ढासळलेला आहे त्यांना यातून मोठा फायदा होतो. माणूस पुन्हा समोर बघत चालू लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण किंमतही मोठी असते. रक्तस्राव बराच होतो, नसांना इजा, जंतुसंसर्ग, नव्या सळया तुटणं, जोडाच्या वरचा मणका खचणं हे धोके पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा खूप जास्त असतात, आणि पुन्हा टेबलावर जावं लागलेले रुग्ण थोडे नाहीत. सावरायला सहा महिने ते वर्ष धरून चाला.

एक गोष्ट सल्लामसलतीत बऱ्याचदा राहून जाते, ती मी स्पष्ट विचारते: कमरेच्या हाडापर्यंत जोड गेल्यावर मोजे कसे घालाल, पायाची नखं कोण कापेल, जमिनीवर बसल्या तर उठाल कशा, शौचानंतर स्वच्छतेसाठी हात पोचेल का? खुबे लवचिक असतील तर बरंचसं निभतं, पण हे आधी आजमावून बघा. फिजिओथेरपिस्टसमोर कंबर न वाकवता ही सगळी कामं एक दिवस करून पाहा.

माझं मत विचाराल तर: नितंबांची ताकद, खुब्यांची लवचिकता आणि काठ्या यांवर निदान सहा महिने मन लावून काम करा. तेवढ्यात उभं राहण्याची वेळ वाढली तर ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवता येईल. वाढली नाही, एक्स-रेत तोल दरवर्षी पुढे सरकताना दिसला, किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं, तर जुन्या शस्त्रक्रिया दुरुस्त करण्याचा नियमित सराव असलेल्या सर्जनकडे जा. दोन मतं घ्या. प्रत्येकाला विचारा की माझ्यासारख्या रुग्णांत तुमच्या हातून काय काय बिघडलं आहे आणि मग तुम्ही काय केलंत. जो सर्जन यावर शांतपणे बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला सोपं जातं.

थांबू नये अशीही लक्षणं आहेत. लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, गुप्तांगाभोवती आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायांतली ताकद झपाट्याने जाणं, चालताना पाय लटपटणं, पडल्यावर "कट्" असा आवाज येऊन नवं तीव्र दुखणं, तापासह व्रण लाल होणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

भाचीला जरूर तपासा. स्कोलिओसिस घराण्यात दिसतो. तुमच्यामुळे तिला होईलच असं नाही, पण शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त आहे, आणि अकरा हे अगदी योग्य वय आहे. पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून, हात जोडून तिला पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर उंच दिसली तर अस्थितज्ज्ञांना दाखवा. काही नसेल तर उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. वाढीच्या वयात मध्यम बाक सापडला तर पट्ट्याने तो बऱ्याचदा थोपवता येतो. एक्स-रे काढावे लागले तर पाठीकडून किरण सोडून काढायला सांगा, म्हणजे छातीवर किरणांचा मारा कमी होतो.

शेवटी कागदपत्रांचं. मूळ शस्त्रक्रियेची नोंद मिळत असेल तर मिळवा; नसेल तर नव्या एक्स-रेवरून कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोड आहे आणि सळई कुठल्या धातूची असावी, हे एका कागदावर लिहून घ्या. कमरेखालची भूल देताना भूलतज्ज्ञांना ते लागतं, कारण जोडलेल्या जागी सुई जात नाही आणि गेली तरी औषध सारखं पसरेल याची खात्री नसते. आणि कधी खुब्याचा सांधा बदलायची वेळ आली, तर तो सर्जन वेगळा असेल. त्याला हा कागद आणि बाजूचा एक्स-रे आधी दाखवा, उभ्याने आणि बसून काढलेले दोन्ही. कणा लांबवर जोडलेला असेल, त्यातही जोड कमरेच्या हाडापर्यंत गेलेला असेल, तर कमरेचं हाड बसताना हवं तसं मागे फिरत नाही, नवा सांधा निखळण्याचा धोका वाढतो, आणि वाटी कुठल्या कोनात बसवायची याचा हिशेब त्याला आधीच बदलावा लागतो.